नर्मदा परिक्रमा पायी : सॅक कशी भरावी?

नीरजा_ठाणे
नमस्कार मंडळी. मी आणि माझी मोठी बहीण (वय ५८ आणि ६३) यंदा कार्तिकी एकादशी झाली की ओंकारेश्वरहून पायी परिक्रमा उचलतोय. मार्ग, आश्रम, कुठे मुक्काम करावा याची माहिती भरपूर मिळाली, पण सॅकबद्दल ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो. एक जण म्हणतो ६० लिटरच्या खाली घेऊच नका, दुसरा म्हणतो एक झोळी पुरे. सध्या हॉलमध्ये सतरंजी अंथरून सगळं सामान मांडून ठेवलंय आणि माझं एकटीचं पाणी सोडून ११ किलो भरतंय. काय कमी करू, किती लिटरची सॅक घेऊ, आणि आत काय कुठे ठेवायचं हे ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा. दोघींनाही ट्रेकिंगची सवय नाही, पण रोज ७-८ किमी चालतोय गेले काही महिने.

सह्यवेडा
११ किलो फार होतात ताई. वर पाणी, वाटेत कोणी हातावर ठेवलेली केळी, म्हणजे १३ धराच. आपल्या वजनाच्या एक दशांश हा हिशोब धरा, पाण्यासकट त्याच्यावर किलोभर गेलं तर चालेल. तुमचं वजन ६० असेल तर ६ ते ७ किलो, बस. यादी टाका इथे, मंडळी कात्री लावतील.

केदार_नाशिक
वाचतोय. पुढच्या वर्षी आईबाबा जाणार आहेत.

नीरजा_ठाणे
यादी: सॅक ६० लिटर (भाच्याची, रिकामीच २ किलोच्या वर), स्लीपिंग बॅग (हिमालयवाली, जवळपास २ किलो), कॅरीमॅट, पांढरे पंजाबी ड्रेस ४, गाऊन २, स्वेटर, शाल, कानटोपी, मोजे ५ जोड, स्टीलचं ताट-वाटी-तांब्या, २०००० ची पॉवर बँक, औषधं, छत्री, साबण-तेल वगैरे, पूजेचं सामान, पोथी, डिंकाचे लाडू आणि सुकामेवा मिळून दीड किलो, टॉर्च, दोरी, चपला, एक वही.

चिऊकाऊ
लाडू पहिल्या तीन मुक्कामांत वाटून टाका, पुण्यही लागेल आणि पाठही मोकळी होईल :)

अण्णा_सांगली
मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नये. परिक्रमा म्हणजे ट्रेक नाही. पूर्वीचे लोक एक घोंगडी, एक कमंडलू आणि हातात दंड एवढ्यावर निघायचे. मैया सगळं देते. ज्याला जे लागेल ते वाटेत समोर येतं हा लाखो लोकांचा अनुभव आहे. लिटर, ग्रॅम, बेल्ट यांचा विचार करत बसलात तर मन सॅकमध्येच राहील. दोन कपडे घ्या आणि निघा. नर्मदे हर.

मालतीताई
अण्णा, नर्मदे हर. तुमच्या भावनेबद्दल आदर आहे, पण मी चालून आलेय म्हणून लिहिते. मैया देते हे खरंच, पण देते ती कुणाच्या तरी हातून. शूलपाणीच्या झाडीत, म्हणजे नर्मदाकाठच्या डोंगराळ जंगलपट्ट्यात, धडगाव-अक्कलकुव्याच्या बाजूला किंवा त्याच्या अलीकडे बडवानीच्या डोंगरात ज्या पाड्यावर आपण उतरतो तिथे त्या घरात सहा माणसं आणि पांघरुणं चार असतात. ती माऊली त्यातलं एक काढून आपल्याला देते आणि स्वतःची लेकरं चुलीपाशी झोपवते. हे मी डोळ्यांनी बघितलंय. डिसेंबरातली थंडी तिथे काही कमी नसते. मग आपलं पांघरूण आपल्या पाठीवर असणं हे अश्रद्धेचं लक्षण कसं? मला तर तो साधा माणुसकीचा भाग वाटतो. अन्न जरूर त्यांच्या हातचं घ्यावं, ते नाकारलं तर त्यांना वाईट वाटतं. पण पांघरूण, औषध, टॉर्च या गोष्टी मागायची वेळ येऊ नये एवढं सामान हवंच.

आणि दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. परिक्रमेचा नियमच आहे की गरजेपेक्षा जास्त संग्रह करायचा नाही. तेव्हा हलकी सॅक हा नुसता पाठीचा प्रश्न नाही, तो नियमाचाही भाग आहे. इथे अण्णांचं आणि सह्यवेडाचं एकच म्हणणं निघतंय खरं तर.

अण्णा_सांगली
मालतीताई, पांघरुणाचा मुद्दा पटला. तो मी त्या बाजूने बघितला नव्हता.

सह्यवेडा
मालतीताईंना प्रचंड अनुमोदन.

आता नीरजाताईंच्या यादीला कात्री. ६० लिटरची सॅक भाच्याला परत. जागा असली की भरली जाते, हा मनुष्यस्वभाव आहे. ४० ते ४५ लिटर, रिकामी सव्वा ते दीड किलोपर्यंतची बघा. कपडे एक अंगावर एक दांडीवर, वर एक गाऊन आंघोळीला आणि झोपायला. चार ड्रेस कशाला, रोज किनाऱ्यावर असता, रोज धुता. स्टीलचं ताट काढा, आश्रमात पत्रावळ किंवा ताट मिळतं, एक खोलगट वाडगा आणि चमचा ठेवा, त्यातच चहा, त्यातच खिचडी. पॉवर बँक १०००० ची पुरते, जवळपास निम्मं वजन वाचतं. छत्रीऐवजी पातळ पोंचो, म्हणजे डोक्यावरून घालायचा रेनकोट, तो सॅकवरूनही येतो. मोजे तीन जोड. पोथी मोबाईलमध्ये घ्या असं मी म्हणणार नाही, तो तुमचा प्रश्न.

पिंपळपान
पोथी राहू द्या हो. पण नित्यपाठाची पातळ, छोट्या आकाराची मिळते ती घ्या.

जुईली
हिमालयातली स्लीपिंग बॅग नर्मदेला अति होते. मी काय केलं होतं सांगते, जुन्या मऊ सुती साडीची दुहेरी खोळ शिवली, तीन बाजूंनी बंद आणि वरून उघडी. झोपताना त्यात शिरायचं आणि वरून आश्रमाची रजई किंवा कांबळं घ्यायचं. बऱ्याच आश्रमांत अंथरूण-पांघरूण मिळतं पण शेकडो लोकांनी वापरलेलं असतं, खोळीमुळे त्याचा अंगाला स्पर्श होत नाही. धुवायला सोपी, वाळायला सोपी. सोबत एक हलकी, ५ डिग्रीपर्यंतची स्लीपिंग बॅग होती, ती एक किलोच्या आत येते. झाडीत दोन्ही वापरायचे. मार्चमध्ये उन्हाळा लागल्यावर नुसती खोळ.

नीरजा_ठाणे
साडीची खोळ! आईच्या दोन साड्या आहेत ठेवलेल्या, आजच शिवते.

खानदेशी
शूलपाणीचं निघालंच आहे तर सांगतो, आमचा नंदुरबार जिल्हा. महाराष्ट्राला नर्मदेचा किनारा ५४ किमी फक्त, पण चालायला सगळ्यात कठीण पट्ट्यांपैकी एक. सरदार सरोवराच्या पाण्यात जुनी किनाऱ्याची पायवाट गेली, त्यामुळे आता डोंगर चढा, उतरा, परत चढा. ज्यांचं सामान जास्त असतं ते इथेच आमच्या पोरांना सॅक उचलायला शोधत असतात. पूर्वी इथे परिक्रमावासींना लुटायचे म्हणून गोष्टी सांगतात, आता तेच लोक रस्ता दाखवतात, चहा पाजतात. तेव्हा भीतीपोटी काही जास्तीचं भरू नका. मात्र झाडीत पाण्याच्या दोन बाटल्या भरलेल्या हव्यात, डोंगरावर मध्ये पाणी नाही मिळत. एरवी एक पुरते.

चिऊकाऊ
बाटली स्टीलची नको, रिकामीच जड असते. साधी प्लॅस्टिकची लिटरवाली घ्या.

पिंपळपान
पण प्लॅस्टिक तेवढंच किनाऱ्यावर पडतं नंतर.

चिऊकाऊ
टाकायची कुठे म्हणतेय मी, एकच बाटली शेवटपर्यंत भरून भरून वापरायची.

सह्यवेडा
आता रचना, जरा लांबेल. सॅक भरताना दोन गोष्टी बघायच्या, वजन कुठे बसतंय आणि कुठली वस्तू दिवसात कधी लागणार. अगदी तळाला जे फक्त रात्री लागतं ते, म्हणजे स्लीपिंग बॅग, खोळ, रात्रीचा गाऊन. त्याच्यावर मधल्या भागात जड सामान, औषधांचा डबा, पॉवर बँक, वाडगा, कोणी शिधा दिला असेल तर तो, आणि हे सगळं पाठीला चिकटून, खांद्याच्या फऱ्यांच्या मधोमध येईल असं. त्याच्या बाहेरच्या बाजूला कपडे, टॉवेल, हलकं काहीही. जड वस्तू बाहेरच्या बाजूला गेली की सॅक मागे ओढते, माणूस आपोआप पुढे वाकून चालतो, आणि संध्याकाळी मान आणि कंबर दोन्ही धरतात. लोक म्हणतात वय झालं, वय नाही, डबा चुकीच्या जागी असतो. सगळ्यात वर पोंचो आणि शाल, कारण ऊन-थंडी-पाऊस विचारून येत नाही. झाकणाच्या खिशात टॉर्च, पट्ट्या-मलम, टॉयलेटचं सामान. बाजूच्या खिशात पाणी, आणि ते सॅक न उतरवता हाताला यायला हवं, नाहीतर माणूस कंटाळ्याने पाणीच पीत नाही.

डावी-उजवी बाजू सारखी आहे का ते भरल्यावर बघा. सॅक जमिनीवर उभी करून सोडली आणि एका बाजूला कलली तर पुन्हा भरायची. आणि बाहेर काही लटकवायचं नाही, वाडगा नाही, चपला नाही, ओला टॉवेल तेवढा पिना लावून चालेल. लटकणारी वस्तू प्रत्येक पावलाला हेलकावे देते आणि झाडीत काट्याला अडकते.

आनंदयात्री७
सह्यवेडांनी भरायचं सांगितलं, घालायचं राहिलं, आणि निम्मा त्रास तिथेच असतो. दुकानात रिकामी सॅक पाठीला लावून बघू नका, सहा-सात किलो वजन आत घालून बघा, चांगले दुकानदार देतात करून. आधी सगळे पट्टे सैल करायचे. मग कमरेचा पट्टा कमरेच्या हाडावर, पोटावर नाही, हात कमरेवर ठेवला की जे हाड हाताखाली लागतं त्याच्यावर पट्ट्याचा मधला भाग यायला हवा. तो घट्ट केला की मग खांद्याचे पट्टे ओढा, बेताने, खांद्यावर टेकतील इतकेच. नंतर खांद्याच्या वरून सॅककडे जाणारे छोटे पट्टे असतात ते, आणि शेवटी छातीचा. बरोबर बसली असेल तर भार कमरेवर जातो आणि खांद्याच्या पट्ट्याखाली बोट सहज सरकतं. बायकांची पाठ बहुतेक वेळा लांबीला कमी असते, त्यामुळे पाठीची उंची कमी-जास्त करता येणारी सॅक बघा. पुरुषांच्या मापाची घेतली तर पट्टा कमरेच्या खाली, मांडीवर येतो आणि मग त्याचा उपयोग शून्य.

उचलताना एका पट्ट्याला धरून झोका देऊन खांद्यावर टाकू नका. वरच्या बंदाला धरून आधी वाकवलेल्या मांडीवर घ्या, एक हात घाला, मग वळून दुसरा. दोघी आहात तर एकमेकींची सॅक धरायची.

शार्दूल_म्युनिक
थोडं अवांतर. स्पेनमधल्या कामिनोला, म्हणजे तिथल्या पायी तीर्थयात्रेला, पण हाच एक दशांशचा नियम सगळे सांगतात. तिथे फ्रान्सच्या हद्दीवरून सांतियागोपर्यंतचा मुख्य रस्ता साधारण ७८० किमी, लोक एक महिना ते पाच आठवडे चालतात. फरक असा की तिथे पैसे देऊन सॅक पुढच्या मुक्कामाला गाडीने पाठवायची सोय आहे, बरेच वयस्कर लोक नुसती छोटी पिशवी घेऊन चालतात. आणखी एक, तिथल्या धर्मशाळांत सॅक पलंगावर ठेवू देत नाहीत, ढेकणांच्या भीतीने. नर्मदेवरही सॅक अंथरुणावर न घेता खुंटीला किंवा भिंतीशी ठेवलेली बरी.

अण्णा_सांगली
आपल्या वारीतही दिंडीचा ट्रक असतोच की. वळकट्या, भांडी, तंबू सगळं ट्रकमध्ये, वारकरी खांद्याला एक शबनम आणि हातात टाळ घेऊन चालतो. म्हणून वारीला जाणाऱ्या माणसाच्या सवयीने परिक्रमेचं सामान बांधू नये. इथे जे घेतलं ते शेवटपर्यंत स्वतःच वाहायचं. नदी १३१२ किमी, दोन्ही काठ धरले की दुप्पट, वर वळसे वेगळे.

केदार_नाशिक
अण्णा आता आमच्या पार्टीत आले :)

अण्णा_सांगली
मी पहिल्यापासून कमी सामानाच्याच पार्टीत आहे. नीट वाचा.

डॉ_विशाखा
औषधांबद्दल. रोजच्या गोळ्या (बीपी, शुगर, थायरॉईड) पूर्ण काळाच्या एकदम नेऊ नका, महिन्याच्या घ्या आणि प्रिस्क्रिप्शनवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, कंपनीचं नाही. बडवानी, अंकलेश्वर, भरूच, जबलपूर अशी मोठी गावं वाटेवर किंवा जवळपास आहेत, तिथे मिळतं. गोळ्यांचे खोके घरी ठेवा, नुसत्या पट्ट्या घ्या. प्रत्येकीने स्वतःच्या गोळ्या स्वतःच्या सॅकमध्ये ठेवा, एकीकडे सगळं नको, चालताना दोघींमध्ये अंतर पडतंच. बाकी ओआरएस, पॅरासिटामॉल, ॲलर्जीची गोळी, जंतुनाशक मलम, कापडी चिकटपट्टी. पायाला सकाळी निघतानाच बोटांमध्ये आणि टाचेला व्हॅसलीन चोळून मग मोजे. फोड येतो त्याच्या आधी ती जागा गरम लागायला सुरुवात होते, तेव्हाच थांबून पट्टी लावा. "पुढच्या गावात बघू" म्हणायचं नाही. म्हणूनच पट्टी वरच्या खिशात हवी. बूट नेहमीच्या मापापेक्षा एक नंबर मोठे, दुपारनंतर पाय सुजतात.

काठी असू द्या, कुत्र्यांसाठीही. कुत्रा चावलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा.

नीरजा_ठाणे
साबण नदीत चालत नाही ना पण?

डॉ_विशाखा
नदीत नाही, हातपंपावर धुवा. साबणाची छोटी वडी सॅकमध्ये हवीच.

मालतीताई
आंघोळ मैयात करताना साबण नाही, कपडेही साबण लावून मैयात धुवायचे नाहीत. बादलीत पाणी काढून लांब जाऊन धुतात. मी साबणाची अर्धी वडी जाळीच्या पिशवीत ठेवत असे, ओली राहत नाही.

बायकांसाठी आणखी एक. घाटावर आडोसा असेलच असं नाही. गळ्याशी नाडी असलेला मोठा सुती घोळदार गाऊन शिवून घ्या, त्याच्या आत राहून कपडे बदलता येतात.

जुईली
आता मला जी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते ती. आश्रमाच्या एका हॉलमध्ये तीस-चाळीस मूर्ती (परिक्रमावासींना तसंच म्हणतात) झोपलेल्या असतात आणि पहाटे चारला कोणीतरी उठून प्लॅस्टिकच्या पिशव्या उघडायला लागतं. चुरर्र चुरर्र. एकातून ब्रश, दुसरीतून टॉवेल, मग पहिली परत बांधायची. अख्खा हॉल जागा. तेव्हा कॅरीबॅगमध्ये सामान वेगवेगळं करायचं नाही. जुन्या उशीचे अभ्रे, ओढण्या यांच्या नाडीच्या पिशव्या शिवा, प्रत्येक वेगळ्या रंगाची. माझी लाल म्हणजे औषध, निळी म्हणजे कपडे, पिवळी म्हणजे आंघोळीचं. अंधारात टॉर्च न लावता सापडावं म्हणून नाडीला गाठी मारल्या होत्या, लालला एक, निळ्याला दोन, पिवळीला काहीच नाही. आणि पहाटेला जे लागणार ते रात्री झोपतानाच उशाशी काढून ठेवायचं.

आनंदयात्री७
गाठींची आयडिया जबरदस्त. वाचनखूण साठवली.

चिऊकाऊ
पण मग पाऊस? कापडी पिशव्या भिजतील की.

सह्यवेडा
त्यासाठी सॅकच्या आत एक मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी, आधी ती घालायची, मग तिच्यात सगळं भरायचं, तोंड पिळून आत खोचायचं. साखरेच्या गोणीच्या आत जी प्लॅस्टिकची पिशवी असते ती किराणावाल्याकडे मिळते, मजबूत असते, आणि कुरकुरत नाही. सॅकवरचं रेनकव्हर मिळतं ते एकट्याने पुरत नाही, पाणी मानेवरून पाठीच्या बाजूने आत उतरतं, तिथे कव्हर नसतंच. कार्तिकानंतर पाऊस नाही असं समजू नका, मावठं गाठतं.

खानदेशी
पावसापेक्षा समुद्राचं बघा. नदीच्या मुखाशी दक्षिण काठावरच्या विमलेश्वरहून उत्तर काठावरच्या मीठीतलाईला होडीने जायचं असतं, भरतीच्या वेळेवर सुटते, कधी रात्री पण. खारं पाणी उडतं, चढता-उतरताना गुडघाभर चिखल. त्या दिवशी मोबाईल, कागदपत्रं, गोळ्या आतल्या पिशवीत गेल्याच पाहिजेत. बूट गळ्यात.

नीरजा_ठाणे
किती छान माहिती मिळतेय. सगळं पुन्हा मांडलं. नवी सॅक ४२ लिटरची घेतली, वजन घालून बघितली दुकानात. एकूण आता ७ किलोच्या आत आलं पाणी सोडून, बहिणीचं सहा. लाडू अजून आहेत, थोडेच ;) दोन शंका राहिल्या. एक, जलाची कुपी, म्हणजे परिक्रमेत सोबत न्यायचं नर्मदेचं पाणी, सॅकमध्ये कुठे ठेवायची? बहीण म्हणते पायाशी, जमिनीवर टेकेल अशी नको. दुसरी, वाटेत मुलांना द्यायला गोळ्या-बिस्किटं नेतात ना लोक, ती किती घेऊ?

मालतीताई
बहिणीचं बरोबर आहे. कुपी सॅकमध्ये नकोच. गळ्यात अडकवायची छोटी कापडी झोळी शिवा, त्यात कुपी, पूजेचं थोडकं सामान, पैसे, आधार कार्ड, परिक्रमावासी असल्याचं पत्र, मोबाईल. रात्री मुक्कामाला आसन लावलं, म्हणजे अंथरूण घातलं की आधी कुपी पाटावर किंवा स्वच्छ कापडावर मांडायची, आरती करायची, मग बाकीचं. सॅक भिंतीशी राहिली तरी झोळी सोडायची नाही, आंघोळीला गेलात तर दोघींपैकी एक जण झोळ्यांपाशी. कुपीचं झाकण फिरकीचं आणि आत रबर असलेलं बघा, आणि पुढे जाताना जल बदलत राहायचं असतं त्यामुळे मोठी नको, लहानशी पुरते.

आनंदयात्री७
झोळी फार भरू नका मात्र. पोटावर मोठी पिशवी असली की उतारावर स्वतःचे पाय दिसत नाहीत.

पिंपळपान
गोळ्या-बिस्किटांवर माझं स्पष्ट मत आहे, घरून नेऊ नका. एक तर वजन, दुसरं म्हणजे रंगीत कागद सगळ्या पायवाटेवर पडलेले असतात, आणि तिसरं, पोरं प्रत्येक परिक्रमावासीमागे हात पसरून धावायला लागली आहेत. हे आपणच केलंय.

खानदेशी
पिंपळपान, बोललात ते खरं आहे पण पोरांना काहीच देऊ नका असंही नका म्हणू. झाडीत पोरांना त्याचं अप्रूप असतं. मागच्या मोठ्या गावातून गूळ-शेंगदाणे घ्या, शाळा लागली तर गुरुजींच्या हातात वह्या-पेन्सिली द्या. गुरुजी ज्याला गरज आहे त्याला देतात.

पिंपळपान
गुरुजींकडे देणं मान्य. कन्यापूजनाला जे द्यायचं तेही त्याच गावच्या दुकानातून घेतलं तर दुकानदारालाही चार पैसे मिळतात.

केदार_नाशिक
एक प्रश्न, खांडव्यापर्यंत रेल्वेने आणि पुढे बसने जाताना सॅकचं काय? बाबांना साखळी-कुलूप न्यायचंय.

सह्यवेडा
साखळी नको, पाव किलो तिथेच गेली. बर्थखाली ठेवून कमरेचा पट्टा बर्थच्या पायातून घेऊन क्लिप लावायची, ओढली तर जाग येते. पैसे-कागद झोळीत, अंगावर.

जुईली
नीरजाताई, निघायच्या आधी भरलेली सॅक घेऊन सलग चार-पाच दिवस चाला, रोज संध्याकाळी सगळं बाहेर काढा आणि सकाळी पुन्हा भरा. परिक्रमेत हेच करायचंय रोज. हाताला सवय लागली की दहा मिनिटांत भरून होते आणि वस्तू मागे राहत नाहीत. मागे राहणाऱ्या वस्तू ठरलेल्या, चार्जर, दोरीवरचा टॉवेल आणि चष्मा. निघताना मागे वळून दोरी, भिंतीवरचा बोर्ड आणि उशी एवढं बघायचं.

डॉ_विशाखा
+१. आणि त्या सरावात बूटही तेच घाला.

आनंदयात्री७
माहिती नसेल त्यांच्यासाठी, थंडी संपली की जाड स्वेटर, स्लीपिंग बॅग, कानटोपी पोस्टाने घरी पाठवता येतं. मात्र अमरकंटक मागे पडल्याशिवाय पाठवू नका, ते हजार मीटरच्या वर आहे, फेब्रुवारीतही रात्री गारठा असतो. सुई-दोरा आणि पॅकिंगला कापड हवं तर तिथेच बाजारात घ्या. उरलेल्या दक्षिण काठावर मग ऊन, तिथे टोपी आणि पाणी, दुसरं काही लागत नाही.

अण्णा_सांगली
नीरजाताई, पुण्यकाम करताय. काठी मात्र घरून नेऊ नका, ओंकारेश्वरलाच घ्या, उंची खांद्याएवढी.

नीरजा_ठाणे
सगळ्यांचे मनापासून आभार. खोळी शिवून झाल्या, पिशव्याही, आमच्या नाडीच्या गाठी जुईलीच्याच हिशोबाने. उद्यापासून सॅक घेऊन येऊरच्या चढावर सराव. नर्मदे हर.

स्वप्नाली_वाई
धागा वर काढतेय. चैत्रात गुजरातमधली उत्तरवाहिनी परिक्रमा (नर्मदा उत्तरेकडे वाहते तेवढ्याच भागाची छोटी परिक्रमा) करायची आहे, तिलकवाडा-रामपुराची, आईसोबत. त्याला पण सॅक लागेल का?

मालतीताई
ती एका दिवसात होते, सॅकची गरज नाही. रात्री किंवा पहाटे निघा, चैत्रातलं ऊन सोसवत नाही. खांद्याला छोटी पिशवी, त्यात पाणी, ओआरएस, टॉर्च, टोपी, ओला पंचा, कोरडा कपड्यांचा एक जोड. आईच्या गोळ्या त्यांच्याच पिशवीत.